पाचवी ओवी

“पयली माझी ववी गं, उगवत्या दिसाला
तेल लाविते मालनच्या, मऊ मऊ केसाला...”

मालनला आईचा हा आवाज आठवे, तेव्हा त्याच्या मागोमाग दुसरा एक आवाज येई. पुक, पुक, पुक. तेलावर चालणाऱ्या इंजिनाचा. आई बंद दाराबाहेर ओट्यावर बसून गात होती, बाप मागच्या पत्र्याच्या खोलीत इंजिन चालवत होता, आणि दाराच्या आत सहा वर्षांची मालन एका उंच टेबलावर उजव्या कुशीवर निजली होती. तोंडावर शिशाचा गार, जड पत्रा. डोक्यावर लोंबणारं काळं नळकांडं. ते बारीक गुणगुणत होतं. खोलीत दुसरं माणूस नव्हतं. डॉक्टरसाहेब सांगून गेले होते, बेटा, हलायचं नाही. आई बाहेर गात होती म्हणून ती हलली नाही.

त्याला आता तीस वर्षं झाली होती. आई नव्हती. आईच्या जाण्याआधी कितीतरी वर्षं आईचं गाणं गेलं होतं.

मालन टेंभुर्णीच्या शाळेत शिकवायची. तिसरीचा वर्ग. आणीबाणी उठली ते साल. भिंतीवरच्या घोषणा पावसानं अर्ध्या धुऊन नेल्या होत्या आणि अर्ध्या तशाच होत्या. नंदाबाईंच्या घरात मागच्या बाजूला तिची भाड्याची खोली होती. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, पुस्तकांची पेटी आणि बाबासाहेबांची तसबीर. आरसा लहान होता, हातात धरायचा. भिंतीला आरसा तिनं कधी टांगला नाही.

ती डोक्यावरचा पदर खाली पडू द्यायची नाही. फळ्यावर लिहिताना एक हात खडूला, एक हात पदराला. डाव्या कानाच्या वर तळहाताएवढ्या जागेत तिला केस नव्हते. तिथली कातडी गुळगुळीत होती, तुळतुळीत मातीच्या गाडग्यासारखी. उजवीकडचे केस ती तिकडे ओढून घ्यायची, पिना लावायची, वर पदर. ही तिची रोजची पहाटेची कसरत होती.

आणि चार वर्षांपूर्वी त्याच कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यात, एक गाठ आली. आधी हरभऱ्याएवढी. मग बोराएवढी. आता सुपारीहून मोठी. दुखायची नाही. बोटानं ढकलली की कातडीखाली जराशी सरकायची.

“बाई, तुमच्या गालात लिमलेटची गोळी हाय का?” एकदा पहिल्या बाकावरच्या पोरीनं विचारलं. सगळा वर्ग हसला.

“हो,” मालन म्हणाली, “पाढे पाठ केले तर तुलाही देईन.”

पोरीनं सतरापर्यंत पाढे पाठ केले आणि हात पुढे केला. मालनला दुकानातून खरीच गोळी आणावी लागली.

नंदाबाईंना ती दाढेचं कारण सांगायची. नंदाबाई विधवा, जिभेच्या तिखट, मनाच्या मऊ. त्यांनी दोन वर्षं लवंगा पुरवल्या. शेवटी एक दिवस दारात उभ्या राहून म्हणाल्या, “चार सालं झाली, दाढ म्हनायची का शेंडीवाला नारळ? जल्दी औरंगाबाद गाठा. न्हाई तर मी तुमच्या हेडमास्तरला सांगते. मंग बसा.”

“जाते हो.”

“जाते जाते म्हनत चार सालं गेली. माझा नवरा असाच जातो जातो म्हनत गेला.”

मालन गेली.

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात बाकावर तीन तास बसल्यावर तिचा नंबर लागला. डॉक्टर अरुंधती तिच्याहून लहान होत्या. हात मात्र सावकाश होते. त्यांनी गाठ चाचपली, तोंड उघडायला लावून आतून बोट फिरवलं, दुसऱ्या कानाखाली बघितलं, गळ्यावरून बोटं नेली.

“डोळे घट्ट मिटा. बरं. दात दाखवा. छान. आता शिट्टी वाजवा.”

“शिट्टी?”

“ओठांची. चेहऱ्याची नस ठीक आहे का ते बघायचंय.”

“अहो, शिट्टी वाजवली म्हणून मी पोरांना उभं करते वर्गात.”

“इथं कुणी उभं करणार नाही.”

मालननं ओठ गोल केले. नुसती हवा गेली. दोघी हसल्या. खूप दिवसांनी आपण कुणाबरोबर हसलो, असं मालनला वाटलं आणि ते वाटल्यामुळे हसू आटपलं.

डॉक्टर सांगू लागल्या. कानापुढे लाळ तयार करणारी एक ग्रंथी असते, पिशवीसारखी, गाठ तिच्यात आहे. हळू वाढलीय, दुखत नाही, सरकते, नस शाबूत आहे. साधी गाठ दिसते, कर्करोगाची नव्हे. तरी काढायला हवी आणि काढून तपासायला हवी. चेहऱ्याची नस त्याच पिशवीतून जाते, म्हणून हलक्या हातानं काढावी लागते. क्वचित तोंड थोडं वाकडं होतं, बहुतेकदा होत नाही.

मग त्यांनी विचारलं, “पदर जरा मागे घेऊ?”

मालननं उत्तर द्यायच्या आत तो त्यांनी मागे घेतला होता. पिना दिसल्या, आडवे ओढलेले केस दिसले, त्याखालची जागा दिसली.

“हे कशानं?”

“लहानपणी डोक्यात खवडे झालते. सगळ्या आळीतल्या पोरांना झालते.”

“आणि औषध काय केलं?”

“मशीन लावली होती. जालन्याला, स्टेशनाकडे, एक खासगी डॉक्टर होते. लढाई संपल्यावर लिलावातली मशीन आणलेली. लोक बिजलीचा दवाखाना म्हणायचे. मशीन लावली की पंधरा-वीस दिवसांत डोक्याचे सगळे केस गळायचे, खवडे जायचे, आणि मग नवे केस यायचे.” ती थांबली. “बाकीच्यांना आले.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“मालनबाई, कशामुळे काय झालं हे कुणालाच छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण लहानपणी डोक्याला, मानेला अशी किरणं दिलेल्या माणसांमध्ये वीस-तीस वर्षांनी अशा गाठी जास्त दिसतात, असं आता बाहेरच्या देशांत लिहून येतंय. किरणं जास्त, तर धोका जास्त. म्हणून विचारते. किती वेळ लावली होती?”

“पाच ओव्या,” मालन म्हणाली.

डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणून मालननं सगळं सांगितलं.

त्या दवाखान्यात तिचा बाप कडूबा इंजिनावर होता आणि आई गयाबाई झाडलोट करायची. मशीनचं वेळ मोजायचं घड्याळ बिघडलेलं. पोरं खोलीत एकटी राहायची नाहीत, रडायची, डोकं हलवायची. एकदा आई बाहेरच्या ओट्यावर बसून सहज गायली आणि आतलं पोर गप पडून राहिलं. मग डॉक्टरसाहेबांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. आईच्या जात्याच्या लयीतल्या पाच ओव्या झाल्या की एका जागेचा वेळ बरोबर भरत होता. तेव्हापासून तोच कायदा. एका डोक्याच्या पाच जागा, एका जागेला पाच ओव्या. बापाला घड्याळ कळत नव्हतं, पण ओवी कळत होती, कारण आई प्रत्येक ओवीला आकडा घालायची. पयली, दुसरी, तिसरी. पाचवी संपली की बाप मागच्या खोलीत मशीनला वीज देणाऱ्या इंजिनाचा पट्टा काठीनं चाकावरून पाडायचा, मशीनची गुणगुण बंद व्हायची, आणि ती बंद झाली की आई गाणं थांबवायची. गुणगुण चालू असेतो गाणं थांबवायचं नाही, कारण गाणं थांबलं की पोर हलतं. दोघांची तोंडं एकमेकांना दिसत नव्हती. मध्ये भिंत होती आणि भिंतीला एक झरोका.

“अशी चाळीस-पन्नास पोरं झाली असतील. एकही चुकलं नाही,” मालन म्हणाली. “चुकलं ते माझ्याच वेळी. शेवटच्या जागेला. ही डावी बाजू.”

“किती चुकलं?”

“घरी म्हणतात, आई पाचवी म्हणायची विसरली.” ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “पण मला पाचवी ऐकल्याचं आठवतं. आणि तिच्यापुढेही आठवतं. तेव्हा मी सहा वर्षांची होते, माझं काय धरायचं?”

“वेळ थोडाच जास्त झाला असेल, तर मी ही गाठ काढून तुम्हाला घरी पाठवीन. दुप्पट झाला असेल, तर गळ्यातली ग्रंथीही नीट तपासायची आणि दर वर्षी यायचं. नीट माहीत असलेलं बरं. विचारण्यासारखं कुणी आहे?”

“वडील आहेत. वडीगोद्रीला.”

“मग विचारून या. पंधरा दिवसांनी ऑपरेशन.”

त्या आठवड्यात मालननं दार लावून शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला. पुढे तोंड वाकडं झालं तर आधी काय जमत होतं ते तरी ठाऊक असावं. तिसऱ्या दिवशी एक बारीक, चिरका सूर निघाला. लगेच भिंतीपलीकडून नंदाबाईंचा आवाज आला, “कोन टवाळ शिट्ट्या मारून राह्यलं रं दिवसाढवळ्या?” मालन तोंडावर हात धरून खाटेवर बसली. हसली. मग तशीच बसून राहिली. शिट्टी ऐकून कुणी दार ठोठावेल असं तिला वाटलं होतं. कुणी ठोठावलं नाही.

रविवारी ती निघाली. टेंभुर्णीहून जालना, जालन्याहून अंबडमार्गे वडीगोद्री. खिडकीतून ज्वारीची उभी ताटं मागे पळत होती. कणसं भरली होती. कुठं कुठं हुरड्याचा धूर निघत होता आणि भोवती माणसं बसली होती.

आई दर रविवारी तिचं डोकं धुवायची. तेल लावताना आईची बोटं त्या गुळगुळीत जागेच्या काठाकाठानं फिरायची, मध्ये कधी यायची नाहीत. डोहाच्या काठानं चालावं तशी. आणि आई गात नसे. दळतानाही नाही. आळीतल्या बाया हसत जात्यावर बसायच्या, आईचं जातं नुसतं घरघरायचं. मालन मोठी झाली तेव्हा तिला वाटायचं, सगळ्यांच्या घरी गाणं असतं तसं आपल्या घरी हे न गाणं आहे.

तिच्याआधीचा भाऊ मच्छिंद्र. आठ वर्षांचा असताना फटकीच्या साथीत एका रात्रीत गेला. ती टेबलावर निजली त्याच्या सोळा दिवस आधी. त्याचं नाव त्या घरात कुणी घेत नसे. आई घेत नसे म्हणून बाप घेत नसे, बाप घेत नसे म्हणून आई.

पुढे धम्म आला, शाळा आली, मालन शिकली, नोकरीला लागली. बघायला माणसं आली. जाफराबादचा तातेराव आला होता, तहशिलीत कारकून. तो मालनशी चांगलं बोलला, तिच्या अक्षराचं कौतुक केलं. मग त्याची आई म्हणाली, पोरीचे केस सोडा, चालून दाखवू द्या. रीतच होती ती. मालननं स्वतःच्या हातानं पिना काढल्या. एक एक, सगळ्या. तातेराव खाली बघत राहिला. चहा गार झाला. त्यानंतर तिनं बापाला सांगितलं, आता कुणाला बोलावू नको.

आणि आई जाताना. आठ वर्षांपूर्वी, याच दिवसांत. आईनं तिचा हात धरून म्हटलं होतं, “मालन, माझी गिनती चुकली गं. मी दुःखात व्हते. मला पाचवी म्हनायचीच याद ऱ्हायली न्हाई. तुझ्या डोक्याचं मी वाटोळं केलं.” मालन म्हणाली होती, “जाऊ दे माय. केस काय, केस.” बाप उंबऱ्यावर बसला होता. त्यानं ते ऐकलं होतं. तो उठून बाहेर गेला होता.

बिजलीचा दवाखाना सुटल्यावर कडूबा वडीगोद्रीला पिठाच्या गिरणीच्या इंजिनावर लागला होता. आता गिरणी विजेवर चालायची. इंजिन कोपऱ्यात पोतं पांघरून उभं होतं. मालक श्रीपती म्हाताऱ्याला काढून टाकत नसे, आणि म्हाताराही जात नसे. रोज येऊन इंजिनाजवळच्या डब्यावर बसायचा.

त्या दिवशी लाईट गेली होती. गिरणी बंद. दळणाच्या डब्यांची रांग लागली होती आणि बाया डबे ठेवून घरी गेल्या होत्या. श्रीपती दारात विडी ओढत उभा होता.

“ओ कडूबा,” तो आत बघून ओरडला, “मास्तरीण आली. ऊठ, आता तुझी हजेरी घेते बघ.”

“जयभीम, बा,” मालन म्हणाली.

“जयभीम, जयभीम. तू? आज?” कडूबा चाचपडत उठला. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. “कोनाचं काय झालं?”

“कोणाचं काही नाही. बस.”

“भाकर खाल्ली का?”

“जालन्याला खाल्ली.”

श्रीपतीनं दोघांकडे बघितलं, विडी विझवली. “लाईट काही तासभर येत न्हाई. मी जरा बाजाराकडं जाऊन येतो. कडूबा, दळणाकडं ध्यान ठेव,” असं म्हणून तो गेला.

गिरणीत पिठाचा पांढरा थर सगळीकडे बसला होता. कोळिष्टकांवर, पट्ट्यावर, बापाच्या भुवयांवर. मालननं बापाचा हात घेतला आणि आपल्या कानाखाली लावला. त्याची बोटं गाठीवर थांबली.

“हे काय हाय?”

“गाठ. साधी आहे म्हणतात. पुढच्या आठवड्यात काढणार.”

“कशानं झाली?”

“नक्की नाही सांगत. पण ती मशीन होती ना, बा, बिजलीच्या दवाखान्यातली. तिच्यानं होत असेल म्हणतात.”

कडूबाची बोटं तिच्या गालावरून खाली आली. पिठात बुडवल्यासारखी पांढरी बोटं. त्यानं ती धोतराला पुसली. पुन्हा पुसली.

“डॉक्टरबाईंनी विचारलंय, शेवटच्या जागेला किती वेळ लागली होती. तेवढं सांग, मी जाते.”

“मला याद न्हाई.”

“बा.”

“तीस सालं झाली, बाई. म्हातारं मानूस मी. कशाला जुनं उकरून राह्यली? काढायची तर काढून टाका म्हना गाठ. मोजून काय करतेत?”

“जास्त वेळ झाला असेल तर गळाही तपासायचा. दर वर्षी जायचं. मला माहीत पाहिजे.”

“तुझी माय पाचवी म्हनायची इसरली. तिनंच सांगितलं तुला.”

“तिनं सांगितलं. मी तुला विचारते.”

दाराबाहेर एक शेळी दळणाच्या डब्यावरचं फडकं ओढत होती. मालननं तिला हाकललं, परत आली, आणि हातातलं घड्याळ सोडून मांडीवर ठेवलं.

“बरं. नको सांगू. मी मायच्या ओव्या म्हणते. पाच ओव्यांना किती वेळ लागतो तेवढं तरी बघते. चुकलं तर सांग.”

“तू म्हनती? तुला कवा येतंय गानं?”

“येत नाही. बघते.”

तिनं कधी गायलं नव्हतं. शाळेतली प्रार्थनासुद्धा ती ओठ हलवून म्हणायची. पहिली ओवी निघाली ती कोरडी, वर्गात कविता वाचावी तशी. दुसरीला मात्र काहीतरी झालं. दुसरीची लय तिच्या जिभेवर आधीपासून होती.

“दुसरी माझी ववी गं, दारीच्या लिंबाला
सावली दे रं बापा, माझ्या लेकराला”

कडूबाचं डोकं जरासं डोलायला लागलं.

“तिसरी माझी ववी गं, इंजिन करी पुकपुक
हलू नको मैना माझे, वाईच ऱ्हाय मुक”

ही ओवी आईनं दवाखान्यातच जुळवली होती. आतल्या पोरांना हसू यायचं, पण ती हलायची नाहीत.

“चवथी माझी ववी गं, पूर्णामायच्या पान्याला
न्हाली माझी लेक, केस वाळवी उन्हाला”

मालनचा आवाज आता तिचा राहिला नव्हता. गिरणीच्या पत्र्याखाली तो कुठून तरी लांबून येत होता, ओट्यावरून, बंद दारापलीकडून. शेवटच्या जागेची पाचवी ओवी नेहमी पोराच्या भावाची असायची. आई प्रत्येक पोराच्या आईला आधीच विचारून घ्यायची, भाऊ हाय का, नाव काय, आणि ते नाव घालायची. रीतच होती तिची. त्या दिवशी तिला कुणाला विचारायचं नव्हतं.

“पाचवी माझी ववी गं, मालनच्या भावाला
मच्छिंदर माझा गेला, सांगा कोन्या गावाला”

मालन थांबली. घड्याळात बघितलं. साडेतीन मिनिटं.

मग तिनं वर बघितलं. बापाचा उजवा हात हवेत उठलेला होता. मूठ वळलेली, जणू त्या मुठीत काठी होती, पट्टा पाडायची. तो हात तिथंच होता, अधांतरी. खाली येत नव्हता.

“थांबलीस कामून?” कडूबा म्हणाला.

“पाच झाल्या, बा.”

“सहावी म्हन.”

“मला सहावी येत नाही. ती होती एवढंच आठवतं.”

कडूबानं हात खाली घेतला. तो गाणारा माणूस नव्हता. त्यानं ती नुसती बोलून दाखवली, एकेक शब्द फुटक्या भांड्यातलं पाणी जपून न्यावं तसा:

“सहावी माझी ववी गं, अंगनी पाऊल
मच्छिंदर आला गं, लागली चाहूल.”

तीस वर्षं तो आवाज तिच्या कानात अर्धाच होता. उरलेला अर्धा इथं होता, या म्हाताऱ्याच्या तोंडात, पिठाच्या थराखाली.

“सातवी होती?”

“सातवी व्हती. आठवी व्हती. नववीला तिचा गळा बसला. तवा मी पट्टा पाडला.” तो इंजिनावरच्या पोत्याकडे तोंड करून बोलत होता. “नऊ. सांग तुझ्या डॉक्टरनीला. पाचाच्या जागी नऊ.”

“म्हणजे माय विसरली नव्हती.”

“न्हाई.”

“तिनं पाचवी म्हटली होती. आकडा घालून म्हटली होती.”

“म्हनली व्हती. खणखणीत म्हनली.”

“मग तिला कुणी सांगितलं, की ती विसरली?”

बाहेर खांबावरची तार वाऱ्यानं हलली. लाईट येईल, चाक फिरायला लागेल, आणि मग काही ऐकू येणार नाही, असं मालनला वाटलं. लाईट आली नाही.

“मी,” कडूबा म्हणाला. “तुझे केस आले न्हाईत तवा तिनं मला इचारलं, किती झाल्या व्हत्या? तिला सोताला काहीच याद नव्हतं, पोराचं नाव निघाल्यावर ती भानावरच नव्हती. मी म्हनलो, तू पाचवी म्हनलीच न्हाई, मी वाट बघत बसलो. तिनं मानलं. मरेस्तोवर मानलं. उंबऱ्यावर बसून मी ऐकलं आनि उठून गेलो.”

“तू मोजायला चुकलास, बा? दुःखात होतास तूही.”

ती त्याला वाट करून देत होती. त्यानं ती घेतली नाही. मान हलवली. त्याच्या भुवयांवरचं पीठ खाली गळालं.

“चुकलो आस्तो तर कवाच सांगितलं आस्तं. चुकलो न्हाई, बाई. तिची गिनती बराबर व्हती, माझीबी बराबर व्हती. काठी हातात व्हती. माती देऊन आल्यापासून सोळा दिस घरात त्याचं नाव कोनी घेतलं नव्हतं. आनि पाचव्या ववीत तिनं घेतलं. मला कळत व्हतं, पट्टा पाडला की ती गप होईल. तू आत हाईस हेबी कळत व्हतं. मला ते नाव आनखी ऐकायचं व्हतं. म्हनून मी जानूनबुजून पट्टा पाडला न्हाई.”